एकसष्ट नंबरचं पोट

१

डॉक्टर ऋषिराज माने यांची निळी वही सोमवारी सकाळी अकराला टेबलाच्या खणात होती. दुपारी दोनला नव्हती. खणाला कुलूप नव्हतं, त्यामुळं फोडायचाही प्रश्न नव्हता. बाकी सगळं जागच्या जागी. मोबाइल, घड्याळ, सोनेरी टोपणाचं पेन, कशालाही हात लागलेला नव्हता. चोरानं नेली फक्त वही.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी शकिला शिकलगारला बोलावून घेतलं. शकिला म्हणजे बत्तीस वर्षं आरोग्य सेविकेची नोकरी करून रिटायर झालेली बाई. साठी ओलांडलेली. कराड तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या चुली तिनं पाहिलेल्या, आणि उरलेल्या निम्म्या घरांचे संडास. डॉक्टर सरकारी नोकरीत असताना तिच्याबरोबर काम करायचे, तेव्हापासून तिच्यावर भरवसा.

"पोलिसात जावा," ती म्हणाली.

"पोलीस आधी नावं वाचतील. ती नावं बाहेर पडू नयेत म्हणून तर वही होती."

त्या वहीत त्रेसष्ट नावं होती. सगळी पस्तिशीच्या आतली. कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, कुणाला क्रोन. रोगांची नावं परदेशी, पण दुखणं इथलंच. आतड्याला सूज, आत जखमा, शौचाला रक्त, दिवसातून दहा-बारा वेळा धाव, आणि हे वर्षानुवर्षं. दवाखाना टाकला त्या पहिल्या वर्षी डॉक्टरांकडं असे तीन पेशंट आले होते. आठव्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, एकोणीस. दुर्बीण आली म्हणून दिसायला लागले की खरोखरच वाढले, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. कशानं होतो हेही नव्हतं, आणि ठाऊक असल्याचं सोंग ते करत नव्हते. शुक्रवारी साताऱ्यात जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची बैठक होती. तिथं हा आकडा मांडून ते म्हणणार होते, बाबांनो, निदान मोजा तरी.

हार्टअटॅक येऊन गेलेला माणूस आपल्याकडं चार लोकांत छाती काढून सांगतो. संडासात रक्त पडतंय हे मात्र माणूस बायकोला सांगत नाही, आणि पोरगी आईला सांगत नाही. म्हणून डॉक्टरांनी नंबर ठरवले होते. पुण्याच्या लॅबला जायचा तो नुसता नंबर. केसपेपर पेशंटच्या हातात. नंबर कुणाचा, हे लिहिलेलं एकाच ठिकाणी. निळ्या वहीत.

"मग दुसरी वही करा. एवढं काय?"

डॉक्टरांनी मोबाइल तिच्यापुढं सरकवला. पुण्याच्या लॅबचा सकाळचा निरोप. साठ नंबर, काही नाही. बासष्ट नंबर, काही नाही. एकसष्ट नंबर, क्षयाचे जंतू वाढले.

"आठ आठवड्यांपूर्वी एकाच गुरुवारी तिघांची दुर्बीण केली," डॉक्टर म्हणाले. "तिघांच्या आतड्याचे तुकडे तपासायला पाठवले. आतड्याचा क्षय आणि क्रोन वरून सारखेच दिसतात. पहिला रिपोर्ट क्रोनकडं झुकलेला होता. तिघंही तळमळत होते, मी स्टेरॉइड चालू केलं. घाई केली म्हणालात तर गप्प ऐकून घेईन."

"म्हंजे त्यातला एक क्षयाचा."

"आणि तो माझ्याच हातचं स्टेरॉइड खातोय. सुरुवातीला बरं वाटतं. मग क्षय आतून आतडं पोखरतो. आतडं आवळतं, नाहीतर फुटतं. स्टेरॉइडमुळं दुखणंही दबून राहतं, घरच्यांना कळत नाही."

"तिघांच्याबी गोळ्या बंद करा."

"एकदम बंद केल्या तर क्रोनवाल्या दोघांच्या जिवावर बेतू शकतं. पुन्हा तुकडा पाठवला तर आणखी सहा-आठ आठवडे. एकसष्ट नंबरकडं सहा दिवस आहेत का, तेही मला माहीत नाही."

शकिलानं पिशवी खांद्याला लावली. वही कुणी नेली याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. एकसष्ट नंबर कोण, एवढंच तिला पाहिजे होतं.

२

"तिघं मला आठवतात," डॉक्टर म्हणाले. "नंबर आठवत नाहीत. एक कुंडलच्या भरती अकॅडमीतला मुलगा, साईराज. दुसरा बाजारात पोटाचं चूर्ण विकतो त्या गुंडाचा मुलगा, सिद्धू. तिसरी मसूरच्या अलीकडं राहणाऱ्या रिटायर हवालदाराची मुलगी, क्रांती. ती माजी सैनिकांच्या फुकट उपचारांच्या कार्डावरची पेशंट."

बाहेर काउंटरला रसूल बसायचा. औषधं देणं, नंबर पुकारणं आणि बडबड, तिन्ही कामं तो एकाच तोंडानं करायचा.

"रसूल, काल अकरा ते दोन कोण कोण आलं?"

"आपा, लय गर्दी. त्यात तो अकॅडमीचा आकाराम सर आला, पोराच्या गोळ्या न्यायला. आत जाऊन बसला, सायेब मागं दुर्बिणीच्या खोलीत असताना. मग तो चूर्णवाला गुंडा. ह्या दवाखान्यानं माझा धंदा बसवला म्हणून दारात बोंबलला."

"आणि?"

"आणि एक पोरगी. तोंडाला स्कार्फ, डोळं तेवढं उघडं. स्कूटीवाल्या सगळ्या अशाच. मला म्हणाली, पेशंट हाय, लवकर सांगा, बाथरूम कुठाय? मी दावलं. ह्या दवाखान्यात लोक दुसरं काय इचारत्यात आपा?"

बाथरूम डॉक्टरांच्या खोलीला लागून होतं.

"किती येळ लागला तिला?"

"आता ते बी मोजू का मी?"

"शुक्रवारच्या साताऱ्याच्या बैठकीचं कुणाकुणाला सांगितलंस?"

रसूल छाती काढून म्हणाला, "सगळ्यांस्नी! आपल्या दवाखान्याची यादी जिल्ह्याला जाणार, लहान गोष्ट हाय का?"

शकिलानं कपाळाला हात लावला. जाणार होता तो नुसता आकडा. या बहाद्दरानं त्रेसष्ट घरांत सांगून ठेवलं होतं की नावं जाणार.

३

कुंडलच्या अकॅडमीत पोरं मैदानाला चकरा मारत होती. आकाराम सर शिट्टी गळ्यात घालून सावलीत उभे. पत्र्याच्या शेडवर आत्तापर्यंत फौजेत आणि पोलिसात लागलेल्या पोरांचे फोटो.

"माझ्या अकॅडमीत कुणीबी आजारी न्हाई," ते म्हणाले. "लिहून घ्या बाई."

"लिहीत न्हाई. काल डॉक्टरांच्या खोलीत तुमी काय करत व्हता?"

"बसलो व्हतो. पाय दुखत्यात. गुन्हा हाय?"

"डॉक्टरांची वही गेली."

आकारामचा चेहरा उतरला. चोराचा उतरतो तसा नाही. आपल्यावर काय येतंय याचा हिशेब लावणाऱ्याचा उतरतो तसा. "गेली? म्हंजे कुणाच्या हातात हाय? आवं, त्यात साईराजचं नाव हाय! पोरगं भरतीच्या मेडिकलला जायच्या आधी ही बोंब झाली तर संपलाच तो. त्याच्या दोन पिढ्या फौजेत. मी वही नेली असती तर तुमास्नी मी काय इचारलं असतं, ती कुठं हाय म्हणून?"

यात तथ्य होतं. तरी शकिलानं साईराजला बाजूला घेतलं.

"खरं बोल. पोट?"

"दोनदा जातो बाई. रक्त न्हाई. महिना झाला."

"ताप? संध्याकाळी अंग मोडून येतं?"

"न्हाई. वजन साडेचार किलो वाढलं. सर म्हणत्यात, त्या गोळ्या समद्या पोरांस्नीच द्याव्या."

"देऊ नको. त्यांस्नी सांग, मी परत येऊन कान धरीन."

साईराज हसला. त्याच्या मांड्या, दंड, पिंढऱ्या, सगळं सारखं भरलेलं होतं. स्टेरॉइड त्याला मानवलं होतं. जाताना त्यानं हळूच विचारलं, "बाई, हे मेडिकलमंदी कळतं का?" शकिला म्हणाली, "गोळी चुकवू नको." खोटं तिला सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायची ही वेळ नव्हती.

४

गुंडा बाजारात छत्री लावून बसायचा. पुढं बरण्या, मागं फलक. 'पोटाचे सर्व विकार एकवीस दिवसांत मुळापासून.'

"माने डॉक्टरची माणसं का तुमी? या, या. माझ्या चूर्णानं दोनशे लोक बरं झालं. त्या डॉक्टरनं काय केलं? लोकांस्नी जन्माचं गिऱ्हाईक केलं."

"दोनशेतला एखादा दावा की."

"लोक बरं झाल्यावर कोण तोंड दावतंय?"

"आणि तुमचा सिद्धू? तो कशानं बरा झाला?"

गुंडाचा हात बरणीवरच थांबला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज निम्म्यावर आणला. "बाई, पोरगं पुण्यात कंपनीत व्हतं. रक्त पडाय लागलं. माझंच चूर्ण दिलं पयलं. तीन महिनं दिलं. हाडं दिसाय लागली त्याची. मग आईनं चोरून डॉक्टरकडं नेला. मला ठावं हाय, आणि मला ठावं हाय हे त्यांस्नी ठावं न्हाई. तुमी सांगू नगा."

"तरी हितं बसून लोकांच्या पोरांस्नी हेच इकताय."

"पोट हाय बाई. मलाबी हाय."

हे ऐकून शकिलाचा हात शिवशिवला. पण थोबाडीत मारून एकसष्ट नंबर सापडणार नव्हता.

"काल दारात बोंब मारली, ती कशापायी?"

"बाजारात बोलाय लागलेत, गुंडाचं पोरगं डॉक्टरकडं जातंय. म्हणून बोंब मारली, लोकांस्नी वाटावं वैर हाय. आत पाऊल टाकलं न्हाई. तुमच्या त्या रसूलनं कॉलर धरून भायर काढलं."

सिद्धू घरी लॅपटॉपवर काम करत होता. गाल भरलेले, हातपाय भरलेले, भूक सपाटून. रक्त पाच आठवड्यांपूर्वी थांबलेलं. ताप नाही.

शकिलानं मनाशी हिशेब केला. ज्याला स्टेरॉइडनं बरं केलं, तो एकसष्ट नव्हे. ज्याला ते आतून खातंय, तो एकसष्ट. दोघं सुटले. राहिली हवालदाराची पोरगी. आता जायचं, तिला उचलायचं आणि दवाखान्यात आणायचं. सोपं होतं.

५

जोतिबा हवालदाराचं घर रस्त्याला लागून, स्लॅबचं, दारात मेहंदीचं कुंपण. भिंतीवर वर्दीतला फोटो. हवालदार स्वतः ताठ, मिशीला पीळ, बोलणं अर्धं हिंदी.

"आइए सिस्टर. क्रांती एकदम फिट हाय. डॉक्टरसायबांस्नी सलाम सांगा."

क्रांती समोर आली आणि शकिला बघतच राहिली. पोरगी नुसती ठणठणीत. हातात भाकरीचा तुकडा, त्यावर हिरव्या मिरचीचा खरडा थापलेला. केस दाट, चाल खणखणीत. गालावर सूज नाही, डोळ्याखाली काळं नाही.

"पोट कसं हाय?"

"बरं हाय."

"ताप?"

"न्हाई."

"गोळ्या कशा घेतीस?"

क्रांतीनं वडिलांकडं पाहिलं. "सकाळी... एक."

आतून, चुलीपाशी बसलेल्या सुनेचा आवाज आला. "आठ व्हत्या पयल्या. दर आठवड्याला एक कमी. आता एक ऱ्हायली, न्याहारीवर."

"सूनच देती तिला टायमावर," जोतिबा घाईनं म्हणाला. "पोरीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

हवालदाराची बायको बनुबाई चहा घेऊन आली. तिला बोलायला माणूस पाहिजेच होता. "क्रांतीचं जमलंय बरं का बाई. फलटणची माणसं. पोराचा आतेभाऊ साताऱ्याला आरोग्य खात्यात हाय. आणि ही आमची सून, प्रियदर्शनी. ल्योक चाकणला कंपनीत असतो. आली तवा काडी व्हती नुसती, आता बघा त्वांड कसं भरलंय! गल्लीतल्या बाया म्हणत्यात, सासर मानवलं पोरीला."

प्रियदर्शनी पदर सावरत उठली. तोंड खरंच चंद्रासारखं गोल होतं. ती शकिलाच्या हातातला कप घ्यायला वाकली, आणि घसरलेला पदर डोक्यावर ओढायला हात वर केला तशा बांगड्या कोपरापर्यंत सरकत गेल्या.

शकिला चहा पिऊन बाहेर पडली. साईराज बरा. सिद्धू बरा. क्रांती तर दोघांपेक्षा बरी.

तिघंही बरे होते. मग आतून सडत चाललेला तो एकसष्ट नंबर होता तरी कोण?

६

फाट्यावर एसटीची वाट बघत ती बाकावर बसली. आयुष्यभर तिनं वाड्या-वस्त्यांवर याद्या भरल्या होत्या. यादीत नाव असतं आणि घरात माणूस असतो, आणि ती दोन एकच असतात असं धरून सरकार चालतं. सरकारचं ठीक आहे. तिनं तसं धरायला नको होतं.

रसूलची बडबड तिला आठवली. ती पोरगी म्हणाली होती, पेशंट हाय, बाथरूम कुठाय?

या दुखण्याची माणसं शकिलानं पाहिली होती. असा माणूस नव्या गावात उतरला की देऊळ बघत नाही, हॉटेल बघत नाही, आधी संडास हेरून ठेवतो. लग्नाला गेला तर मांडवाच्या कडेला बसतो. माने डॉक्टरांचा दवाखाना तर त्याला पाठ असतो. दोन महिने तिथं येणारी पेशंट बाथरूम कुठाय असं विचारेल? विचारणारी पोरगी त्या दवाखान्यात पहिल्यांदा आली होती.

वही नेणारी पेशंट नव्हती. तरी तिला वही पाहिजे होती. स्वतःचा रोग लपवायला माणूस वही चोरेल हे कळतं. पण रोग नसलेली पोरगी का चोरेल? वहीत तिचं नाव असेल तरच.

नाव तिचं. रोग दुसऱ्याचा.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. क्रांतीला गोळ्या सांगता आल्या नाहीत, आणि चुलीपाशी बसलेलीनं आठपासून एकपर्यंत घडाघडा सांगितल्या. डॉक्टरांनी कार्डावर पाहिलेलं नाव क्रांती होतं. माजी सैनिकाच्या कार्डावर बिनलग्नाची मुलगी चालते, सून चालत नाही. हवालदारानं सुनेला मुलीच्या नावानं नेलं होतं. स्कार्फ बांधून न्यायची, बोलायचं आपण. त्याला वाटलं, पोट ते पोट, नाव कुणाचंबी असंना.

आणि ते गोल तोंड. स्टेरॉइडनं तोंड सुजतं. साईराजचं आणि सिद्धूचं सगळं अंग भरलं होतं. या पोरीचं तोंड भरलं होतं आणि हात इतके वाळले होते की बांगड्या कोपराला अडकत होत्या. गल्लीतल्या बाया सुजेला सुख म्हणत होत्या.

एसटी आली. शकिला चढली नाही. डॉक्टरांना फोन लावून ती एवढंच म्हणाली, "गाडी पाठवा. झोपवून न्यायची सोय करून." आणि उलटी फिरली.

७

"हवालदार, एकसष्ट नंबर तुमची सून हाय."

जोतिबाची मान ताठच राहिली. "क्या बात करते हो! क्रांती पेशंट हाय. कार्डावर हाय."

"कार्डावर हाय म्हणूनच सांगतेय. कार्ड नीट हाय, माणूस चुकलाय."

ती त्याला ओलांडून आत गेली. प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी. शकिलानं कपाळाला हात लावला. तापाचा चटका बसला.

"कधीपासनं?"

"रोज सांच्याला येतो. जातो."

"उलटी?"

"कालपास्नं पाणीबी ऱ्हाईना."

शकिलानं लुगड्यावरनंच पोट दाबून पाहिलं. पोट फुगलेलं, टणक. पोरगी ओरडली नाही, नुसते डोळे मिटले. दुखणं दबून राहतं असं डॉक्टर म्हणाले होते, ते हेच.

"सिस्टर, घरच्या बायामाणसांत तुमी असं..." जोतिबा दारातनं म्हणाला.

"बत्तीस वर्षं मी घरच्या बायामाणसांतच व्हते. गप उभं ऱ्हावा." ती क्रांतीकडं वळली. "वही आण."

क्रांती जागची हलली नाही.

"बाळा, मला वहीचं काही न्हाई. पण तुझ्या वहिनीला क्षय हाय, आणि ती खातीय त्या गोळ्या क्षयाला पोसत्यात. डॉक्टरांच्या हातात पुरावा पायजे. आण."

क्रांतीनं गाद्यांच्या चळतीत हात घातला आणि निळी वही ओढून काढली. मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. "माझं नाव हाय ह्यात! क्रांती जोतिबा, आतड्याचा रोग, रक्त पडतं! तो रसूल सांगत फिरतोय यादी साताऱ्याला जाणार, आणि फलटणच्या पोराचा आतेभाऊ तिथंच बसलाय. माझं लगीन मोडलं असतं. मला काय झालंय? मला इचारलं व्हतं का कुणी, तुझं नाव घेऊ का म्हणून?"

"तुझ्या भल्यासाठीच..." जोतिबा पुटपुटला.

"माझ्या? आबा, तुमी माझं नाव वहिनीला दिलं आणि वहिनीचा रोग मला दिला."

बनुबाई चहाची भांडी तशीच टाकून आली. "मी तवाच म्हणले व्हते, ल्योकाला सांगू, त्यो बघंल. न्हाई! हवालदाराला समद्यातलं कळतं!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शकिलानं वही उघडली. एकसष्ट, क्रांती. हस्ताक्षर डॉक्टरांचं. शंका उरली नाही.

"उचला तिला."

जोतिबा दारातून हलला नाही. माणूस वाईट नव्हता. सुनेला त्यानंच दवाखान्यात नेलं होतं, दुर्बिणीच्या खोलीबाहेर चार तास तोच उभा राहिला होता. पण खोटं नाव एकदा लावलं की ते सांभाळणं हीच त्याची ड्यूटी होऊन बसली होती. सून तिथं जमिनीवर तापानं फणफणत असताना त्यानं विचारलं, "पण आता न्यायची कुठल्या नावानं?"

मग जमिनीवरूनच आवाज आला. दोन महिने कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागून येणारा, आता समोरून.

"आबा, नाव ऱ्हाऊ द्या. मला उभं ऱ्हायला येईना."

हवालदारानं दार सोडलं. वाकला, आणि सुनेला दोन्ही हातांवर उचललं. उचलल्यावर त्याला कळलं ती किती हलकी झाली आहे. तो तसाच गाडीकडं चालू लागला.

८

मोठ्या दवाखान्यात कागद पुढं आला. ऑपरेशनची संमती. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कार्ड हाय का?"

जोतिबानं सवयीनं खिशात हात घातला. कार्ड काढलं, पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"हिचं कार्ड न्हाई."

नाव: प्रियदर्शनी. पेशंटशी नातं, या चौकटीत पेन जरा वेळ थांबलं. मग त्यानं लिहिलं, सून. खाली सही केली, फौजेत करतात तशी, पूर्ण नावाची.

आतडं फुटलं नव्हतं. फुटायच्या बेताला आलं होतं. एका जागी बोटभर वाटही उरली नव्हती. सर्जननं वीतभर तुकडा काढला आणि दिवेलागणीला बाहेर येऊन सांगितलं, उद्या आणली असती तर मी हात लावला नसता.

शुक्रवारी डॉक्टर साताऱ्याला गेले. त्यांनी आकडा सांगितला, बासष्ट. एक क्षयाचा निघाला, तो वजा केला, हेही सांगितलं. बैठकीतले एक साहेब म्हणाले, "आजकालची पोरं बाहेरचं खातात, दुसरं काय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि बिस्किटं खाल्ली. डॉक्टर परत आले आणि त्यांनी रसूलला खणाला कुलूप बसवायला सांगितलं. रसूल महिनाभर कुणाला काही सांगणार नाही असं म्हणाला. शकिला त्याला म्हणाली, एक तास तरी गप्प राहून दाखव.

फलटणच्या लोकांना क्रांतीनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते विचार करून सांगतो म्हणाले. अजून विचार करत आहेत.

नवव्या दिवशी शकिला वॉर्डात गेली. क्षयाची औषधं चालू झाली होती, स्टेरॉइड उतरवत आणलं होतं. क्रांती वहिनीला चमच्यानं भाताची पेज पाजत होती.

"ह्या गोळ्या किती महिने?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"सहा. एकबी दिवस चुकवायचा न्हाई. क्षय बरा होतो. तुझा व्हईल."

"आणि त्या दुसऱ्या रोगाचं? वहीतल्या?"

"तो तुला नव्हताच. त्या वहीतनं तुला काढलं."

पोरीनं पेजेचा चमचा हातानं बाजूला केला. "मला ठावं व्हतं बाई, हे बरोबर न्हाई. नाव पुकारलं की मी क्रांती म्हणून उठायची. बोलले असते तर गोळ्या बंद झाल्या असत्या. काहीतरी मिळत व्हतं."

शकिलानं पिशवीतून क्षयाच्या औषधांचं नवं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. प्रियदर्शनीनं ते दोन्ही हातांनी धरून ओळ न् ओळ वाचलं. नाव वाचलं. गाव वाचलं. मग एका जागी तिचं बोट थांबलं.

"बाई, वय बावीस लिवलंय. ते क्रांतीचं हाय. मी चोवीस."

शकिलानं पेन काढलं.